थरार पडीक शिवाराचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ऐतिहासिक साहसकथांच्या नव्या लाटेविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. जमीनदाराविरुद्ध उठलेल्या गावाची गोष्ट आता कादंबरीत, मोठ्या पडद्यावर आणि मोबाइलवरच्या मालिकांतही सारख्याच हिरिरीने सांगितली जाते, आणि अशा कथांना लागणारा ऐवज मराठी मुलखात हवा तेवढा असताना आपले लेखक मात्र परप्रांतातल्या ठाकुरांच्या हवेल्यांकडे पाहत बसतात, अशी खंत लेखाच्या शेवटी व्यक्त झाली आहे. खंत रास्त आहे. परंतु ऐवज इथला घ्यायचा आणि साचा मात्र त्या हवेलीचाच ठेवायचा असे झाले तर हाती काय लागेल, याचा विचार लेखात आलेला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबणार हे मला दिसते आहे. कात्री लावणे आपल्या हाती आहे.

हा साचा एव्हाना सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. मिशीला पीळ देणारा जमीनदार असतो, त्याचा चौसोपी वाडा असतो, वाड्याच्या तळघरातून कुणाचा तरी हंबरडा ऐकू येतो, लहानपणी बापाचा खून डोळ्यांनी पाहून परागंदा झालेला मुलगा पंधरा वर्षांनी घोड्यावर बसून परत येतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात वाडा पेटतो. यातल्या अतिशयोक्तीला माझी हरकत नाही. रहस्यकथांच्या मासिक पुस्तकांवर वाढलेल्या माझ्या पिढीने अतिशयोक्तीला नाके मुरडणे शोभणारही नाही. हरकत आहे ती जमीनदाराचे बळ कशात होते याविषयी हा साचा जी समजूत करून देतो तिला. बळ त्याच्या चाबकात आणि पाळलेल्या पैलवानांत होते असे एकदा मानले की तो माणूस मेला म्हणजे गाव मोकळे झाले, असा हिशेब आपोआप जुळतो. प्रत्यक्षात खोत, म्हणजे आमच्या कोकणातला पिढीजात जमीनदार, मेला तर त्याचा मुलगा खोत होई आणि मुलगा नसला तर दत्तक येई. खोताच्या वाड्यावरची सर्वांत धोक्याची वस्तू भिंतीवरची बंदूक नव्हती, दिवाणखान्यातल्या पेटीतले दप्तर होते.

माझे आजोळ अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, चरी गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खारेपाट म्हणजे खाडीच्या काठाने बांध घालून समुद्राच्या तोंडातून काढलेली भातजमीन. चरीचे नाव रायगड जिल्ह्याबाहेर फार थोड्यांना माहीत असते आणि ज्यांना असते त्यांनाही ते बहुधा स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी या गावात भरलेल्या सभेत कुळांनी, म्हणजे खोतांच्या जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांनी, ठरवले की यापुढे त्या जमिनी कसायच्या नाहीत. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी होते. चरीसह पंचवीस गावे या निर्णयात सामील झाली आणि संप १९३९ पर्यंत चालला. गिरणीतला संप आठवड्यांनी आणि फार तर महिन्यांनी मोजला जातो. शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातच्या जमिनी सहा वर्षे पडीक ठेवल्या, याचा अर्थ शेती केलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागणार नाही.

हा संप का झाला हे समजून घ्यायचे तर आधी कबुलायत नावाचा कागद समजून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते ज्याला या विषयावर थरारकथा लिहायची आहे त्याने पहिले प्रकरण या कागदावरच लिहावे. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला खोत सरकारचा सारा भरी आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करी. अर्धेलीच्या जमिनीचे निम्मे पीक त्याच्या खळ्यात जाई, मक्त्याच्या जमिनीवर ठरलेले भात पीक येवो वा न येवो मोजून द्यावे लागे, पावसाळ्यात पोटाला घेतलेले धान्य कापणीनंतर दिढीने, म्हणजे दीडपट, फेडावे लागे, आणि खोताच्या घरी कार्य निघाले की कुळाच्या घरातली माणसे तिथे बिनमोल राबत. हे सगळे जाचक होते, परंतु ते डोळ्यांना दिसत होते. कबुलायतीतला जाच दिसत नसे. ही जमीन तुमची आहे, मी ती या वर्षापुरती कसायला घेतली आहे, मुदत सरली की मोकळी करून देईन, अशा आशयाचा मजकूर कूळ दरसाल लिहून देई, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली अंगठा उठवी. पणजोबापासून तोच तुकडा कसणारे घर त्या कागदामुळे दर वर्षी नव्याने त्या जमिनीवर आलेले ठरे. चार पिढ्यांचा घाम अंगठ्याच्या एका ठशाने पुसला जाई आणि ते काम कुळ स्वतःच्या हाताने करत असे. चाबूक मारणाऱ्या जमीनदारापेक्षा हा शांतपणे शाईची गादी पुढे सरकवणारा खोत मला तरी अधिक भयंकर वाटतो, आणि पडद्यावर तो मी अजून पाहिलेला नाही.

आता कोणी म्हणेल की पडीक जमिनीत कसला आला आहे थरार, नांगर न धरणे हे दृश्य किती वेळ दाखवणार? मला वाटते की साहसकथेचा खरा कस इथेच लागतो. वाचकाला खिळवून ठेवते ती तलवार नव्हे, पुढे काय होणार ही शंका. सभेला भात कापणीच्या दिवसांत हात वर झाले, ते सोपे होते, कारण त्या दिवसांत घरात थोडेफार धान्य असते आणि शेजाऱ्याचा हात वर गेलेला दिसला की आपलाही जातो. पुढच्या वर्षीचा मृग लागल्यावर काय झाले असेल याची कल्पना करून पाहावी. खारेपाटातला माणूस पहिल्या सरीचा वास आला की घरात बसू शकत नाही, त्याचे पाय आपोआप बांधाकडे वळतात. अशा माणसांनी पंचवीस गावांत एकाच वेळी दारात बसून पाऊस नुसता पाहायचा, बैल दावणीला तसेच ठेवायचे आणि बियाण्यासाठी राखलेले भात उखळात घालायचे. त्यातच रात्री कुणी तरी मागच्या दाराने खोताच्या माणसाला भेटला अशी कुजबुज उठली तर? एका घराने गुपचूप अंगठा दिला तर त्याच्या शेजारची दहा घरे सकाळी काय करतील? पंचवीस गावांतल्या सोयरिकी एकमेकांत गुंतलेल्या असताना सासरचा माणूस फुटला आणि माहेरचा टिकून राहिला, तर त्या घरातल्या सुनेने कुठे पाहायचे? हे प्रश्न मी कल्पनेने विचारतो आहे, कारण कादंबरीकाराचे कामही तेच असते. परंतु सहा वर्षांच्या संपात ते कोणत्याच घरात उभे राहिले नसतील असे मानणे कठीण आहे.

दुसरा धोका समुद्राचा होता, आणि खारेपाटाबाहेरच्या लेखकाला तो सुचणारच नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्याकडच्या जमिनी बांधावर जगतात. बांधाला खांड पडली की भरतीचे पाणी आत घुसते आणि एकदा खारे पाणी शिरलेली जमीन पावसाने धुऊन पुन्हा राता, म्हणजे तांबडा, भात देण्याजोगी व्हायला काही हंगाम जावे लागतात. बांधाची राखण आणि डागडुजी गावकऱ्यांनी एकत्र येऊन करायची, त्याला जोळ म्हणतात; उधाणाच्या रात्री खांड पडल्याची हाक आली की चुलीवरचे तसेच टाकून बायकापोरांसह सगळे चिखल वाहायला धावत. जमीन कसायचीच नाही असे ठरल्यावर या बांधाचे काय करायचे? तो राखला तर खोताची जमीन राखल्यासारखे होते, सोडला तर उद्या आपल्याला मिळेल या आशेने जिच्यासाठी उपाशी राहिलो तीच जमीन समुद्राला द्यावी लागते. अमावास्येचे उधाण, बांधावर कंदील घेऊन उभी असलेली माणसे आणि हा पेच, एवढे साहित्य हातात असताना ज्याला पेटलेला वाडाच लागतो त्या लेखकाचे मला नवल वाटते.

संपाच्या काळात लोक जगले कसे, याचे उत्तर कागदोपत्री एका वाक्यात सापडते: रानातला लाकूडफाटा तोडून विकला आणि मिळेल ती मजुरी केली. माझ्या आजीच्या बोलण्यात ते वाक्य मोठे होई. मोळी विकून आलेल्या पैशांतून पहिल्यांदा तांदळाच्या कण्या विकत आणल्या त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत, असे ती सांगे. उपाशी राहण्याची त्यांना सवय होती. ज्या घराने पिढ्यान्पिढ्या भात पिकवले त्या घरात पैसे मोजून कण्या आणाव्या लागल्या, याची लाज त्यांना वाटली. आजी हे हसत सांगायची आणि लगेच खाडीतल्या चिंबोऱ्यांनी आणि निवट्यांनी आम्हाला कसे जगवले याचे वर्णन सुरू करायची. पडद्यावरची गरिबी नेहमी फाटक्या कपड्यांत आणि करुण सनईत दाखवली जाते. भुकेतही माणसाला लाज वाटते, चेष्टा सुचते, आणि चिंबोरीचा रस्सा घट्ट झाला तर समाधान होते, हे दाखवायला मात्र फारसे कोणी धजावत नाही.

जमीनदाराच्या पात्राविषयीही थोडे लिहितो. कोकणातला खोत नेहमी अडाणी आणि मद्यपी नसे. तो पुष्कळदा सुशिक्षित असे, तालुक्याच्या गावी वकिली करी, वाचनालयाला देणगी देई आणि स्वराज्याच्या सभेला पहिल्या रांगेत बसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोतीविषयीच्या कायद्याचा वाद पेटला तेव्हा 'केसरी'ने खोतांची बाजू लावून धरली होती, ही गोष्ट आज अनेकांना अवघड वाटते. लोकमान्यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले होते आणि त्या समाजात खोती म्हणजे पिढीजात हक्क, त्याला सरकारने हात लावणे म्हणजे अन्याय, असेच मानले जाई. उलट चरीच्या कुळांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी, स्वतः कुळाच्या घरात न जन्मलेली माणसे होती. दोघेही महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबर होते. एका बाजूला सगळे राक्षस आणि दुसऱ्या बाजूला सगळे देव अशी विभागणी केली की ही माणसे गोष्टीत मावत नाहीत, मग त्यांना गाळून टाकले जाते, आणि गोष्ट होती त्याहून बाळबोध होते. स्वराज्याची मनापासून आस असलेला खोत आपल्या कुळाचा अंगठा घेताना स्वतःची समजूत कशी घालत असेल, हे एखाद्या समर्थ लेखकाने लिहिले तर खलनायकाच्या मिशीची गरजच पडणार नाही.

डॉ. आंबेडकर स्वतः १९३४ च्या डिसेंबरात चरीला शेतकरी परिषदेसाठी आले होते. संपाला त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ च्या निवडणुकीनंतर ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे पत्र सुरू केले. वर्तमानपत्राच्या संपादकांना लिहीत असल्यामुळे या गोष्टीवर क्षणभर थांबण्याची परवानगी असावी. ज्यांच्यापैकी बहुतेकांना सही करता येत नव्हती आणि ज्यांचे सारे नुकसान न वाचता येणाऱ्या कागदाने केले होते, त्या माणसांच्या पुढाऱ्याने चळवळीच्या ऐन मध्यावर छापील कागद काढला. गावात एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी गोल करून ऐकायचा असे ते वाचन होत असणार. पडद्यावरच्या बंडात गुप्त निरोप कबुतराच्या पायाला बांधून जातात; इथे निरोप उघड छापून टपालाने येत होता, आणि खोतालाही तो वाचता येत होता.

जानेवारी १९३८ मधल्या मोर्चाचे दृश्य तर कोणत्याही भव्य चित्रपटाला पुरे पडेल. १० तारखेला कोकणातून आणि इतर जिल्ह्यांतून आलेले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. समुद्रकाठची माणसे बोटीने आली. ज्यांनी अलिबागच्या मामलेदार कचेरीपलीकडे सरकार पाहिले नव्हते ती माणसे गिरगाव-फोर्टच्या रस्त्यांवरून खोती नष्ट करा म्हणत गेली आणि त्यांच्या प्रतिनिधींनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. या मोर्चाच्या पुढाऱ्यांत शामराव परुळेकर होते. हेच परुळेकर पुढे कम्युनिस्ट झाले आणि गोदावरी परुळेकरांसह ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींच्या लढ्यात उतरले. चरी आणि वारल्यांचे बंड ही दोन वेगळी प्रकरणे म्हणून शिकवली जातात. एकाच माणसाच्या आयुष्यात ती अवघ्या सातआठ वर्षांच्या अंतराने आली, हे साहसकथा लिहिणाऱ्याने लक्षात घेण्यासारखे आहे.

वारल्यांचे नाव काढले आहे तर एक प्रसंग सांगतो, कारण मी रक्तपात टाळून इतिहास सपक करू पाहतो आहे असा समज होऊ नये. मे १९४५ मध्ये झरी येथे भरलेल्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार करणार नाही असा निश्चय केला. लग्नासाठी काढलेल्या शेदोनशे रुपयांच्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर मालकाच्या घरी राबायचे, अशा माणसाला तिकडे लग्नगडी म्हणत. ती पद्धत मोडू लागली आणि पाठोपाठ गवतकापणीच्या मजुरीसाठी संप सुरू झाला. तेव्हा जमीनदारांच्या बाजूने अशी आवई उठवली गेली की गोदावरीबाईंची तलवाड्याला सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे. बाईंना वाचवायला म्हणून हजारो वारली काठ्या घेऊन रातोरात जमले. दुसरीकडे पोलिसांना सांगण्यात आले की जमाव दंगलीसाठी जमला आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तिथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. बाई तिथे नव्हत्याच. एका खोट्या निरोपावर रचलेला असा सापळा कोणत्या कल्पित कथेत आहे? आणि या कटाच्या सूत्रधाराला स्वतःच्या हाताने बंदूक उचलावी लागली नाही, ही त्यातली सर्वांत थरारक गोष्ट आहे.

हातात शस्त्र घेऊन लढलेले बंडखोर आपल्याकडे नव्हते असेही नाही. अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सह्याद्रीच्या रानात जवळजवळ दहा वर्षे इंग्रज सरकारला आणि सावकारांना दमवले, १८४८ च्या जानेवारीत ते पंढरपुरात पकडले गेले आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्यांची कथा सांगायची तर घोडदौड, घाटवाटा आणि विठ्ठलाच्या दारातली अटक हे सारे त्यात आपोआप येईल आणि ते आलेच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच आहे की राघोजींचा अंगरखा चरीच्या कुळाला चढवू नये. प्रत्येक बंडाचे हत्यार निराळे असते. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात रयत उठली तेव्हा तिने सावकारांची घरे फोडून शोधले ते सोने नव्हे; कर्जरोखे आणि हुकूमनामे शोधून ते जाळले. तिथेही भांडण कागदाशीच होते. फरक एवढा की सुप्याच्या रयतेने कागद जाळला आणि चरीच्या कुळांनी त्यावर अंगठा द्यायचे नाकारले, जे जाळण्यापेक्षा अधिक काळ करत राहावे लागते.

संपाचा शेवट कसा झाला, हे पडद्यासाठी लिहिणाऱ्याला सर्वांत अडचणीचे वाटेल, कारण शेवटी कोणी मरत नाही. महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले, बोलणी झाली आणि १९३९ साली मुंबई प्रांताचा कूळकायदा संमत झाला. त्या कायद्याने संरक्षण दिले ते १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन धारण केलेल्या कुळाला. आता ज्यांनी दरसाल नव्या कबुलायतीवर अंगठे दिले होते आणि ज्यांच्याजवळ मक्ता भरल्याची एकही पावती नव्हती, त्यांनी सलग सहा वर्षे म्हणजे काय आणि कोणत्या कागदावर सिद्ध करायचे? विजयाचा गुलाल उधळल्यानंतर तलाठ्याच्या दारात रांगेत उभ्या राहिलेल्या कुळाच्या पोटात उठलेला तो गोळा, ही माझ्या मते या कथेची खरी अखेरची कलाटणी आहे. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. म्हणजे चरीच्या सभेत हात वर केलेल्या तिशीतल्या माणसाचे नाव मालक म्हणून लागण्याची वेळ आली तेव्हा तो पंचावन्नच्या घरात पोचला होता. कोणत्याही निर्मात्याला नायकाचे केस पांढरे झालेले आवडत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

लेखकांना आणि निर्मात्यांना दोन विनंत्या करून थांबतो. पहिली बोलीविषयी. चरीचा आणि आसपासचा कुळसमाज बहुतांशी आगरी होता आणि त्यांची स्वतःची ठसकेबाज बोली आहे. ती विनोदी नोकराच्या तोंडी घालायची आणि नायकाला मात्र पुण्याच्या आकाशवाणीवरची भाषा द्यायची, हा प्रकार आता बंद व्हावा. सभेतला ठराव प्रमाण मराठीत असेल, पण तो घरी जाऊन बायकोला सांगताना माणूस आपल्याच बोलीत सांगतो, आणि थरार त्या सांगण्यात असतो. दुसरी विनंती बायकांविषयी. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत, सभांच्या तारखा आहेत. सहा वर्षे चूल कोणी पेटती ठेवली याची नोंद नाही. मोळ्या डोक्यावर घेऊन बाजाराला गेलेल्या, खोताच्या घरच्या बायकांच्या नजरा चुकवत किंवा न चुकवत परत आलेल्या बायकांची कथा त्यांच्या नाती-पणत्यांच्या आठवणीत थोडीफार शिल्लक आहे आणि ती ऐकायला खारेपाटात जाऊन बसावे लागेल, त्यासाठी मोबाइल पुरणार नाही. नात्यातल्या ऐंशी ओलांडलेल्या चार बायकांकडे मी स्वतः गेल्या दोन उन्हाळ्यांत जाऊन बसलो. दोघींनी मला आधी जेवायला घातले आणि मग, मी वही काढताच, बोलणे बंद केले. वही पिशवीत ठेवल्यावर त्या पुन्हा बोलू लागल्या. लिहिलेल्या कागदाविषयीचा तो संशय कुठून आला असेल हे मला घरी परतताना एसटीत सुचले.

आजोबांची पत्र्याची पेटी आता माझ्याकडे आहे. तीत साठच्या दशकातले जमीन खरेदीचे प्रमाणपत्र आहे, साऱ्याच्या पावत्या आहेत आणि सर्वांत खाली, चार घड्या घातलेली, मोडीत लिहिलेली एक कबुलायत आहे. मजकूर पुरा आहे, वर्षाची जागा वाळवीने खाल्ली आहे आणि अंगठ्याची जागा कोरी आहे. ती संपाच्या पहिल्या वर्षीची की आणखी कधीची, हे आजोबांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. या विषयावर लिहू पाहणाऱ्या कोणाला ती पाहायची असेल तर आपल्या कार्यालयामार्फत जरूर कळवावे. दाखवायला आनंद वाटेल, मात्र ती घराबाहेर देता येणार नाही.

आपला नम्र,
एक जुना वाचक
अलिबाग